गॅसमुळे बाया कामाला जातात, की कामाला जातात म्हणून गॅस भरला जातो?

पारोळेकरीण

नमस्कार मंडळी. मी अर्थशास्त्रात एमए करतेय, जळगावला. प्रोजेक्टला विषय घेतलाय घरातलं इंधन आणि बायकांचा रोजगार, म्हणजे गरीब देशांमध्ये चूल सुटली की बाई कमवायला बाहेर पडते का वगैरे. सर म्हणाले आधी वाचून ये. वाचलं, तर सगळीकडे तीच साखळी, गॅस किंवा वीज आली, सरपण गोळा करायचा वेळ वाचला, त्या वेळात बाई कामाला लागली, पैसे आले. कागदावर मस्त वाटतं.

पण आमच्या तालुक्यातल्या दोन गावांत बोलायला गेले तर भलतंच. सरकारच्या उज्ज्वला योजनेचं गॅस कनेक्शन घरात आहे, शेगडी चकचकीत पुसून वर रुमाल टाकून ठेवलीय आणि चहा सोडला तर बाकी सगळं चुलीवर. एक काकू म्हणाल्या, 'गॅस शे ना घरमा, पन भराले पैसा कोन देस?' आणि ज्या घरांत सिलेंडर खरंच संपतो आणि वेळेवर भरला जातो तिथली बाई आधीपासूनच कुठेतरी कामाला जाते, कोणी आशा आहे, कोणी अंगणवाडीत मदतनीस, कोणाचं शिलाई मशीन आहे. मग आधी काय आणि नंतर काय? की दोन्हीचा एकमेकांशी संबंधच नाही आणि तिसरंच काहीतरी आहे, नवऱ्याचा पगार वगैरे?

तुमच्या गावात काय दिसतं ते सांगा प्लीज. पुस्तकातलं नको, डोळ्यांनी पाहिलेलं. (पुस्तकातलंही चालेल, पण सरांनी दिलेलं सोडून.)

केळीपट्टा_रावेर

ताई तुमच्या साखळीतली पहिलीच कडी आमच्याकडे बसत नाही. सरपण गोळा करायला 'वेगळा वेळ' जातो हे गृहीत धरलंय ना, तो जातच नाही. आमच्या बागेत निंदणीला, घडांच्या कामाला ज्या बाया येतात त्या सकाळी आठला येतात आणि संध्याकाळी परत जाताना प्रत्येकीच्या डोक्यावर भारा असतो. बांधावरची वेडी बाभूळ, निंबाच्या वाळल्या फांद्या, कोणाच्या शेतात तूर निघाली असेल तर तुराट्या. म्हणजे मजुरीला जाते म्हणूनच जळण मिळतं. घरी बसली तर उलट जळणच नाही, कारण तिच्या नावावर ना शेत ना बांध.

कपाशीच्या भागात तर हे आणखी पक्कं आहे. वेचणी संपली की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, उपटायच्या आणि ज्या बाया वेचायला होत्या त्यांनीच त्या न्यायच्या, मालकाचं रान मोकळं होतं आणि बाईचं वर्षभराचं जळण होतं, पैशाचा व्यवहारच नाही. ह्याला तुमचे सर रोजगार म्हणतील का इंधन म्हणतील?

आता ह्यात एक नवीन भानगड झालीये. गुलाबी बोंडअळी आल्यापासून कृषी खातं सांगतंय की डिसेंबरनंतर कपाशी ठेवू नका आणि पऱ्हाट्या बांधावर रचून ठेवू नका, त्यात कोष राहतात. बरोबरच आहे ते. म्हणून मोठे शेतकरी ट्रॅक्टरला श्रेडर लावून पऱ्हाटीचा भुगा करून रानातच टाकतात, कोणी भुशाचे जळणाचे ठोकळे बनवणाऱ्या ब्रिकेटवाल्याला देतात. जमिनीला चांगलं, अळीला चांगलं. फक्त ज्या बाईच्या अंगणात ढीग लागायचा तिचा ढीग गेला आणि तिला कोणी विचारलं नाही.

भुसावळ_जंक्शन

एवढं डोकं लावू नका. गॅसवरची भाकरी भाकरी नसते, कळण्याची तर नाहीच. चुलीसमोर आरावर शेकलेली भाकरी आणि पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, याच्यासाठी खान्देशात चूल राहणारच, सिलेंडर फुकट वाटला तरी.

सुमनताई_चोपडा

भुसावळ भाऊ, ती भाकरी तुम्ही भाजता का? नाही ना, मग चवीचं नंतर बोलू.

पारोळेकरीण, तुला लांब लिहिते, वेळ काढून वाच. मी बरीच वर्षं उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटांबरोबर काम करतेय, तालुक्यात फिरणं रोजचंच आहे. तुझ्या त्या काकू बरोबर बोलल्या. पैसा नाही असं नाही, एकदम अख्ख्या सिलेंडरचे पैसे नाहीत. मजुरीचा हिशोब आठवड्याच्या बाजाराला होतो, निंदणीचा रोज अडीचशे धर, त्यातून आधी किराणा, मग उसनं, मग पोरांचं. सिलेंडर म्हणजे तीन दिवसांहून जास्त मजुरी एका झटक्यात. उज्ज्वलाला सबसिडी आहे हे तिला माहीत आहे, पण आधी पूर्ण भरायचे आणि सबसिडी नंतर खात्यात येणार, आणि खातं बघायला बँकेत जायचं तर रोज बुडतो. २०२४ ला अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलेंडर मोफत झाले तेव्हाही तेच, आधी भरा, मग खात्यात. फुकट म्हटलेलं असं उसनं काढून घ्यावं लागतं हे मुंबईत बसून कळत नाही.

आणि सरपण? त्याला पैसे पडत नाहीत असं सगळं घर समजतं. पडतात, पण ते तिच्या कमरेतून जातात म्हणून कोणाच्या हिशोबात येत नाहीत. नवरा मोबाईलचं रिचार्ज न चुकता मारतो आणि सिलेंडर संपला की म्हणतो 'पुढच्या महिन्यात बघू', कारण पुढच्या महिन्यापर्यंत चूल आहेच. गैरसोय त्याची होत नाही ना. म्हणून तू जे बघितलंस, की कमावत्या बाईच्या घरात गॅस भरला जातो, ते माझ्याही नजरेला पडतं. पण त्यात एक मेख आहे. नुसतं 'कमावते' म्हणून नाही, पैसा तिच्या हातात येतो का ते बघ. जोडीनं ऊसतोडीला गेलेली बाई नवऱ्याइतकंच मरमर काम करते, पण कोयता दोघांचा मिळून एक, म्हणजे जोडपं एकच मजूर धरतात, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवऱ्याच्या हातात. तिच्या घरात गॅस भरला जात नाही. आणि आमची एक गटातली बाई, महिन्याला जेमतेम तीन हजार कमावते शिवणकामावर, तिच्या घरात गॅस कधी बंद नाही. लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले तेव्हा तर मी स्वतः बघितलं, सुरुवातीच्या हप्त्यांमध्ये बऱ्याच जणींनी सिलेंडर आणला. काम तेच होतं, काही वाढलं नव्हतं. खातं तिचं होतं एवढाच फरक.

आता दुसरी बाजू, जी तुझ्या वाचनात बहुतेक नसेल. आमच्याकडे बायांचा जो घरगुती धंदा आहे तो चुलीवरच उभा आहे. उन्हाळ्यात बिबडे करतात, ज्वारीचा घाटा पहाटे मोठ्या पातेल्यात शिजवायचा, मग ऊन चढायच्या आत कापडावर थापायचे. खापरावरचे मांडे, आखाजीला तर ऑर्डरी संपत नाहीत. हे सगळं गॅसवर करायचं म्हटलं तर घरगुती सिलेंडर आठवडाभरही पुरत नाही, धंद्याला तो वापरायची परवानगीही नाही, आणि कमर्शियल सिलेंडर घेतला तर बिबड्यांत काही उरत नाही. म्हणजे इथे रोजगार वाढला की सरपण वाढतं! आणि धूरही. गटाच्या शेडमध्ये चार-चार चुली एकदम पेटलेल्या असतात, डोळे चोळत काम चालतं, आणि अहवालात आम्ही लिहितो 'महिला सक्षमीकरण'. शेडला नीट धुराडं असावं म्हणून मी मागे लागलेय, बघू.

धुळेकर_पुण्यात

सुमनताईंनी जे लिहिलं त्यानंतर आकडे लिहायला लाज वाटते पण पारोळेकरीणला प्रोजेक्ट सबमिट करायचाय म्हणून लिहितो.

तुमच्या सरांची साखळी हवेतून आलेली नाही. टॅरिन डिंकेलमन या बाईंचा २०११ चा पेपर आहे, दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलु-नाताल भागातला. वर्णभेदाची राजवट संपल्यावर तिथे खेड्यांत धडाधड वीज नेली, आणि जिथे वीज गेली तिथे पाचेक वर्षांत बायकांचा रोजगार ९ टक्के-बिंदूंच्या आसपास वाढला, पुरुषांचा तसा काही वाढला नाही. कारण म्हणे लाकडावरचा स्वयंपाक कमी झाला आणि वेळ सुटला. युक्ती काय वापरली तर जमिनीचा उतार. सपाट भागात तारा ओढणं स्वस्त, म्हणून वीज तिथे आधी गेली, बाकी गावं सारखीच असं धरून तुलना केली. हुशार आहे, पण हीच युक्ती कोणी सातपुड्यात लावायला गेलं तर मी म्हणेन थांबा, आपल्याकडे उतार बदलला की रस्ता बदलतो, जमीन बदलते, भाषासुद्धा बदलते, फक्त तारांचा खर्च नाही.

दुसरा ओडिशाचा, डुफ्लो, ग्रीनस्टोन आणि हॅना यांचा. हजारो घरांत सुधारित चुली दिल्या. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर फरक पुसला गेला, कारण लोकांनी त्या नीट वापरल्या नाहीत, दुरुस्त केल्या नाहीत. म्हणजे वस्तू देणं आणि ती वापरली जाणं यात अंतर आहे, तुमच्या त्या रुमाल टाकलेल्या शेगडीसारखंच.

आपल्या देशाचं म्हणाल तर उज्ज्वला मे २०१६ ला सुरू झाली, आठ कोटीवं कनेक्शन सप्टेंबर २०१९ ला आपल्या शेजारी तेव्हाच्या औरंगाबादेतच दिलं गेलं. पण उज्ज्वलावाल्या घरात सरासरी वर्षाला सिलेंडर किती भरले गेले, तर २०१९-२० मध्ये जेमतेम ३, आणि २०२३-२४ मध्ये ४ च्या जवळ. पाच माणसांच्या घरात सगळा स्वयंपाक गॅसवर केला तर एक सिलेंडर महिनाभर जातो, म्हणजे बाकीचे आठ महिने काय जळतं ते सांगायला नको. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ ची, देशात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं ५८.६ टक्के होती, ग्रामीण भागात ४३ च्या आसपास.

रोजगाराचे आकडे मात्र जपून वापरा. ग्रामीण बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २०१७-१८ ला २४.६ टक्के होता तो २०२३-२४ ला ४७.६ झाला, जवळजवळ दुप्पट, आणि याच काळात गॅस पसरला. कोणीही दोन रेघा एका आलेखावर काढेल आणि म्हणेल बघा! पण त्यातली मोठी वाढ स्वयंरोजगाराची आहे, आणि त्यात घरच्या शेतात-धंद्यात बिनपगारी मदत करणाऱ्या बायका भरपूर. सुमनताईंच्या भाषेत, काम वाढलं, हातात पैसा आला की नाही ते वेगळं.

चटई_शिफ्ट

मी एमआयडीसीत चटईच्या कंपनीत आहे, जळगाव. पहिल्या शिफ्टला सहाला घर सोडावं लागतं, त्याआधी दोन डबे. गावी होते तेव्हा मीही चूल पेटवायची, शेतावर अर्धा तास उशीर झाला तर मुकादम बोलायचा पण कामावर घ्यायचा. इथे गेट बंद होतं. म्हणून गॅस. आवड-निवड काही नाही त्यात.

आणि अजून एक, भाड्याच्या खोलीत घरमालक चूल मांडूच देत नाही, भिंती काळ्या होतात म्हणून. सुरुवातीला पत्त्याचा कागद नव्हता तर दुकानातून पाच किलोचा छोटा सिलेंडर घ्यायचो, महाग पडायचा पण मोठ्याचे पैसे एकदम काढावे लागायचे नाहीत. गावी सासूबाईंच्या नावावर उज्ज्वलाचा गॅस आहे, तो सणाला आम्ही गेलो की पेटतो.

पारोळेकरीण

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. थँक्यू सगळ्यांना. चटई_शिफ्ट ताई, तुमचं वाचून एक लक्षात आलं की मी 'काम करते / करत नाही' एवढाच रकाना ठेवला होता. शेतमजुरीत जळण कामावरूनच येतं, कंपनीत घड्याळ आहे आणि जळण नाही, घरच्या बिबड्यांना उलट जास्त लाकूड लागतं. हे तिन्ही मी एकाच 'हो' मध्ये टाकत होते. मग उत्तर निघणार कसं.

एक विचारायचंय. सातपुड्यातलं कोणी आहे का इथे? धडगाव-अक्कलकुव्याकडचं काहीच हाताशी नाही.

अक्राणीचा_मास्तर

आहे. रेंज आली की लिहितो म्हणून उशीर.

आमच्याकडे पाडे विखुरलेले. भरलेला घरगुती सिलेंडर, आत १४.२ किलो गॅस आणि वर लोखंडाचं वजन, तीस किलोच्या आसपास जातो. गाडी जिथे थांबते तिथून पुढे तो खांद्यावर. लाकूड पण डोक्यावरच आणायचं आहे, मग जे फुकट आहे ते आणतील की जे विकत आहे ते? आता तर जवळचं जंगल विरळ झालंय, बाया पहाटे निघतात, शाळेतल्या मोठ्या मुलीही जातात बरोबर, हजेरीपटावर मला ते दिसतं. तुमच्या प्रोजेक्टमध्ये मुलींचा वेळ मोजा, सगळे फक्त बायकांचा मोजतात.

दुसरं स्थलांतर. दिवाळी झाली की निम्मा पाडा रिकामा, कोणी गुजरातेत शेतीवर, कोणी ऊसतोडीला, बाया जोडीनं. घराला कुलूप, गॅस आत. तिकडे पालावर तीन दगडांची चूल. म्हणजे वर्षातल्या ज्या महिन्यांत घरात थोडा पैसा खेळतो त्याच महिन्यांत गॅस शंभर-दोनशे किलोमीटर लांब कुलपात. स्थलांतरितांना स्वतःच्या घोषणापत्रावर पत्ता चालेल असं २०२१ च्या दुसऱ्या उज्ज्वलात आलं, चांगली गोष्ट आहे, पण पालाला पत्ता कुठला लिहिणार.

जंगल राखण्याबद्दल लोक बोलतात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचं उदाहरण देतात, चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली, अभिमान आहेच. मी एवढंच म्हणतो की कुठल्याही गावानं कुऱ्हाडबंदीचा ठराव करायच्या दिवशी सभेत बाया किती आणि सरपणाचं पुढे काय ठरलं ते इतिवृत्तात बघायचं. नाहीतर जंगल वाढतं आणि तिची वाट पण वाढते.

केळीपट्टा_रावेर

मास्तर, गोबरगॅसचं काय? आमच्या आजोबांच्या काळात वाड्यामागे होता, मस्त चालायचा.

सुमनताई_चोपडा

चालायचा कारण गोठ्यात दहा जनावरं होती. दोन घनमीटरच्या प्लांटला रोज पन्नासेक किलो शेण लागतं, आता ट्रॅक्टर आल्यावर एक बैलजोडी पण नाही दारात. आणि ते शेण-पाणी कालवायचं काम कोण करायचं हो तुमच्या वाड्यात? आजोबा?

केळीपट्टा_रावेर

आजी. 😅

धुळेकर_पुण्यात

एकदम सगळे पैसे भरण्याचा मुद्दा निघालाच आहे तर, इंडोनेशियानं २००७ पासून रॉकेलवरून लोकांना गॅसवर आणलं ते ३ किलोच्या सिलेंडरवर. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, बाई एका हातात घेऊन येते. पाच कोटींहून जास्त घरांना दिले. केनियात तर मीटर लावतात सिलेंडरला, मोबाईलवरून जेवढे पैसे टाकाल तेवढाच गॅस सुटतो. रोजाच्या पैशावर जगणाऱ्या घराला हे जमतं. आपल्याकडे पाच किलोचा उज्ज्वलात आहे पण खेड्यात तो मागणारं कोणी भेटत नाही, कारण तो मिळतो हेच कोणी सांगत नाही. अर्थात सबसिडीचं ओझं इंडोनेशियाच्या तिजोरीवर जबर आहे, ते पण लिहा, नाहीतर सर धरतील.

भुसावळ_जंक्शन

माझ्या भाकरीवर सगळे तुटून पडले, पण खरं सांगा, घरात आंघोळीचं पाणी कशावर तापतं? म्हशीचा भरडा कशावर शिजतो? ते कोणी लिहिलंच नाही. आमच्याकडे गॅस पूर्ण वापरात आहे, दोन सुना नोकरीला आहेत, तरी मागच्या अंगणात बंब रोज पेटतो. सर्वेत 'स्वयंपाक कशावर करता' विचारलं तर उत्तर गॅस, आणि धूर तर निघतोच आहे.

सुमनताई_चोपडा

हे मात्र शंभर टक्के खरं बोललात भाऊ.

पारोळेकरीण

हो, हा प्रश्न घालतेच. 'काल दिवसभरात घरात काय काय पेटलं' असं विचारलं तर? आणि कारण-परिणामाचं अजून अडकलंय, कारण एकदाच जाऊन विचारलं तर आधी काय झालं ते कळणार कसं, बायांना वर्षं आठवत नाहीत, आणि मला परीक्षेआधी फक्त उन्हाळा आहे हातात.

धुळेकर_पुण्यात

वर्षं आठवायची गरज नाही, गॅसच्या पुस्तकात प्रत्येक सिलेंडरची तारीख लिहिलेली असते, किंवा मोबाईलवर बुकिंगचे मेसेज असतात. त्या तारखा उतरवून घ्या, आणि बाजूला तिच्या कामाचे महिने लिहा, वेचणी ऑक्टोबर ते डिसेंबर, निंदणी पावसाळ्यात, नंदुरबारकडे मिरचीच्या पथारीवर काम हिवाळ्यात. सिलेंडर मजुरीच्या महिन्यांत जास्त येतो की कमी, तेवढं जरी दोनेक गावांत निघालं तरी कारण-परिणामाची एक बाजू हाताला लागेल. मेसेज नवऱ्याच्या फोनवर येतात की तिच्या, ते पण लिहून ठेवा.

सुमनताई_चोपडा

आणि मार्च-एप्रिलमध्ये येणार असशील तर दुपारी ये, सकाळी सगळ्या बिबड्यांत असतात, कोणी बोलणार नाही. फोनवर नको, सरळ ये, गटाच्या बैठकीला बसवते तुला. आणि नुसती प्रश्नावली घेऊन येऊ नकोस, थापायला हात लागतात.